४८ केच्या संगणकात जास्त चित्रं कशी बसवाल?

झेडएक्स स्पेक्ट्रमच्या पडद्यावरचं एक पूर्ण चित्र ६९१२ बाइट्स जागा घेतं. मशीनची सगळी रॅम ४९,१५२ बाइट्सची. म्हणजे प्रोग्रॅम नाही, आवाज नाही, नुसती चित्रं भरली तरी सातच मावतात, आणि त्यातल्या एकाची जागा पडद्यासाठी कायम राखीव असते. सचित्र गोष्ट, साहसखेळ किंवा मुलांसाठी एखादा शैक्षणिक प्रोग्रॅम या मशीनवर करायचा असेल, तर पहिला प्रश्न हाच येतो: वीस-पंचवीस चित्रं ठेवायची कुठे? उत्तर आहे आणि ते अवघड नाही. पण त्यासाठी कॉम्प्रेशनचा प्रोग्रॅम शोधण्याआधी आपलं चित्र मेमरीत कसं मांडलेलं असतं हे बघावं लागतं. माझ्या मते निम्मं काम तिथेच होतं.

स्पेक्ट्रम ब्रिटनमध्ये एप्रिल १९८२ मध्ये आला. आपल्याकडे डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८६ मध्ये परवान्यावर ‘डीबी स्पेक्ट्रम+’ काढला. त्याआधी, १९८४ साली, केंद्र सरकारच्या क्लास प्रकल्पातून अनेक शाळांत बीबीसी मायक्रो पोचले होते. त्यामुळे ही मशीन ज्यांनी शाळेत किंवा घरी हाताळली अशी आज पन्नाशीच्या आसपासची मंडळी आपल्याकडेही आहेत. मशीन नसेल तरी हरकत नाही. फ्यूज नावाचा मोफत इम्युलेटर आजच्या कुठल्याही संगणकावर चालतो आणि खाली सांगितलेलं सगळं त्यावर करून बघता येतं.

आता मांडणीकडे वळू. पडदा २५६ आडवे आणि १९२ उभे ठिपके एवढा. प्रत्येक ठिपक्याला एक बिट, म्हणून ठिपक्यांचे ६१४४ बाइट्स. रंग मात्र ठिपक्यागणिक नसतो. पडद्याच्या ८×८ ठिपक्यांच्या चौकटी पाडलेल्या असतात, आडव्या ३२ आणि उभ्या २४. प्रत्येक चौकटीला रंगाचा एकच बाइट: तीन बिट इंकचे, म्हणजे ठिपक्यांच्या रंगाचे, तीन पेपरचे, म्हणजे मागच्या रंगाचे, एक ब्राइट, एक फ्लॅश. असे ७६८ बाइट्स. ६१४४ अधिक ७६८ म्हणजे ६९१२. हा सगळा भाग १६३८४ या पत्त्यापासून सुरू होतो.

यातली खरी मेख ओळींच्या क्रमात आहे. पहिल्या ओळीचे ३२ बाइट्स संपले की मेमरीत पुढे दुसरी ओळ येत नाही, नववी येते. मग सतरावी, मग पंचविसावी. पडद्याच्या वरच्या एक तृतीयांशातल्या आठ चौकट-रांगांच्या पहिल्या ओळी संपल्या की त्यांच्या दुसऱ्या ओळी सुरू होतात. असा २०४८ बाइट्सचा एक तृतीयांश पुरा झाला की मधला, मग खालचा. कॅसेटवरून चित्र चढताना पडद्यावर पट्ट्यापट्ट्यांनी उमटताना ज्यांनी पाहिलंय त्यांना हा क्रम डोळ्यांनी ठाऊक आहे. कॉम्प्रेशनला याचा त्रास असा, की चित्रात एकमेकींच्या खाली असलेल्या, म्हणजे बहुधा सारख्याच दिसणाऱ्या ओळी मेमरीत एकमेकींपासून २५६ बाइट्स दूर पडतात.

सर्वांत सोपी पद्धत रन-लेंग्थची: एकच बाइट सलग किती वेळा आला ती संख्या लिहायची आणि मग तो बाइट लिहायचा. मोकळ्या आकाशाच्या एका ओळीचे ३२ शून्य बाइट्स दोन बाइट्समध्ये उरकतात. पण प्रत्येक बाइटसाठी अशी जोडी लिहिली, तर जिथे काहीच पुन्हा येत नाही तिथे चित्र दुप्पट होतं. अगदी वाईट चित्राचे ६९१२ चे १३,८२४ होतील. म्हणून ही भोळी पद्धत वापरू नका.

तिच्याऐवजी पॅकबिट्स घ्या. १९८४ सालच्या मॅकिन्टॉशवर मॅकपेंटची चित्रं याच पद्धतीने साठवली जात. मॅकपेंटचं पान ५७६×७२० ठिपक्यांचं, म्हणजे न दाबता ५१,८४० बाइट्सचं, आणि फ्लॉपी ४०० केची. तिथेही हिशेब सात चित्रांवरच येऊन थांबत होता. अमिगाच्या आयएलबीएम फाइलमध्ये हीच पद्धत ‘बाइटरन१’ नावाने आहे. रचना अशी: आधी एक खुणेचा बाइट. तो ० ते १२७ असेल तर त्यात एक मिळवा, तितके पुढचे बाइट्स जसेच्या तसे उतरवा. तो १२९ ते २५५ असेल तर २५७ मधून वजा करा आणि पुढचा एकच बाइट तितक्या वेळा लिहा. १२८ आला तर सोडून द्या. बस, एवढंच.

याचं मोल दोन्ही टोकांना कळतं. पूर्ण कोरा पडदा १०८ बाइट्समध्ये बसतो. आणि एकही बाइट लागोपाठ न येणारं, अगदी दंगेखोर चित्रसुद्धा ६९६६ च्या पुढे जात नाही. म्हणजे नुकसान झालं तर ५४ बाइट्सचं. झेडसॉफ्टच्या पीसीएक्स फाइलमध्ये खुणेचे वरचे दोन बिट वापरतात. तीही पद्धत चालते, पण तिथे १९२ आणि त्यावरच्या प्रत्येक सुट्या बाइटला दोन बाइट्स मोजावे लागतात. डावीकडून भरलेले आकार असले की असे बाइट्स भरपूर निघतात, म्हणून स्पेक्ट्रमसाठी मी पॅकबिट्सच सुचवेन.

आता ओळींच्या क्रमाचा प्रश्न सोडवू. चित्र मेमरीच्या क्रमाने वाचू नका. उभ्या दिशेने वाचा: एका चौकटीचे आठ बाइट्स वरून खाली, मग तिच्या खालची चौकट, असा १९२ बाइट्सचा एक स्तंभ. मग शेजारचा. भिंती, खांब, झाडांची खोडं, अक्षरांच्या उभ्या रेघा हे सगळं या वाचनात सलग येतं. स्पेक्ट्रमच्या झेड८० प्रोसेसरवर हे महागही पडत नाही. चौकटीच्या आत एक ओळ खाली उतरायला पत्त्यात २५६ मिळवायचे, म्हणजे एचएल या रजिस्टर-जोडीतला एच फक्त एकने वाढवायचा. कमोडोर ६४ आणि बीबीसी मायक्रो यांच्या ग्राफिक्स मोडमध्ये चौकटीचे आठ बाइट्स मुळातच सलग असतात, त्यामुळे तिथे निदान चौकटीपुरता हा फायदा आयता मिळतो. एकाच चित्राच्या आडव्या आणि उभ्या वाचनाचे आकडे शेजारी ठेवून बघा. निसर्गदृश्याला बहुधा आडवं वाचन मानवतं, इमारतींना आणि माणसांना उभं. फाइलच्या सुरुवातीला दिशा सांगणारा एक बाइट ठेवला की प्रत्येक चित्रासाठी योग्य ती निवड करता येते.

आणखी एक उपाय आहे, आणि तो पुरेसा वापरला जात नाही याचं मला खरोखर वाईट वाटतं. दाबण्याआधी प्रत्येक ओळीचा तिच्या वरच्या ओळीशी एक्सॉर करा. वरची ओळ आणि खालची ओळ सारखी असेल तर उत्तर शून्य. उभे खांब असलेली अख्खी भिंत पहिल्या ओळीनंतर शून्यांचा पट्टा होऊन जाते. बुद्धिबळाच्या पटासारखी राखाडी छटा ८५ आणि १७० या बाइट्सच्या आलटून-पालटून ओळींनी होते. उभ्या वाचनात ती अजिबात दाबली जात नाही, पण एक्सॉर केल्यावर तिचे सगळे बाइट्स २५५ होतात आणि दाबायला अगदी सोपे पडतात. एकच काळजी घ्यायची: करताना खालच्या ओळीकडून वर जा, म्हणजे वरची ओळ अजून मूळ स्वरूपात असते. उलगडताना वरून खाली या. तिरप्या रेघा आणि मोकाट ठिपके असलेल्या चित्रात हा उपाय उलटतो, तेव्हा त्याचीही खूण सुरुवातीच्या बाइटमध्ये ठेवा.

यानंतरचं काम सर्वांत फायद्याचं, आणि ते प्रोग्रॅमपेक्षा तुमच्या नजरेवर जास्त अवलंबून आहे. चित्रात न दिसणारी बरीच माहिती पडून असते. ती साफ करा.

एखाद्या चौकटीत इंक आणि पेपर एकाच रंगाचे असतील तर तिथले ठिपके कसेही असले तरी दिसत नाहीत. ते शून्य करून टाका. एखादी चौकट पूर्ण भरलेली असेल, म्हणजे आठही बाइट्स २५५ असतील, तर इंकचा रंग पेपरला द्या आणि ठिपके शून्य करा. चित्र तसंच दिसेल, पण आता शेजारच्या मोकळ्या चौकटींशी तिची साखळी जुळेल. आणि जिथे सगळे ठिपके शून्य आहेत तिथे इंकचा रंग कुठलाही असला तरी फरक पडत नाही. मग तो आधीच्या चौकटीच्या इंकसारखाच का ठेवू नये? असं केलं की रंगांच्या ७६८ बाइट्समध्ये लांबच लांब साखळ्या तयार होतात. दहा रांगांच्या निळ्या आकाशाच्या ३२० चौकटी सहा बाइट्समध्ये बसतात. काळ्या रंगाला ब्राइटने काही होत नाही, तेव्हा पूर्ण काळ्या चौकटीचा ब्राइट बिटही शेजारणीशी जुळवून घ्या. रंगांचा भाग ठिपक्यांच्या भागात मिसळू नका. तो वेगळाच दाबा, कारण त्याचा स्वभाव वेगळा आहे.

मग सुटे ठिपके बघा. पॅकबिट्समध्ये १२८ कोऱ्या बाइट्सच्या मधोमध एकच ठिपका आला की दोनचे सहा बाइट्स होतात. चार बाइट्स एका ठिपक्याचे! आकाशातला तारा असेल तर जरूर ठेवा, तो चित्राचा भाग आहे. पण फोटो स्कॅन करून आणताना उडालेली धूळ असेल तर पुसून टाका. चित्रकाराने स्वतः बसून केलेली ही सफाई कुठल्याही प्रोग्रॅमला जमत नाही, कारण तारा कुठला आणि धूळ कुठली हे त्याला कळत नाही.

फोटोवरून चित्र करत असाल तर छटा पाडायची पद्धत आधी ठरवा. आजचे बहुतेक प्रोग्रॅम न विचारता फ्लॉइड-स्टाइनबर्ग पद्धत लावतात. तिने चेहरा सुंदर दिसतो, पण ठिपके असे विखुरतात की पुढे कुठलीही पद्धत त्यांना दाबू शकत नाही. त्याऐवजी बायर पद्धतीची ठरावीक नक्षी निवडा, चार किंवा आठ ठिपक्यांची, म्हणजे ती बाइटच्या सीमेशी बरोबर जुळते. एकाच छटेच्या भागात मग तेच ते बाइट्स पुन्हापुन्हा येतात. दिसायला थोडं कोरडं वाटेल, पण ज्या चित्राचा आकार एरवी हलत नव्हता तो हलायला लागेल.

सगळं चित्र ठेवणं गरजेचं आहे का, हेही विचारा. साहसखेळात खाली मजकूर असतोच. वरचे दोन तृतीयांश एवढंच चित्र ठेवलं तर ४०९६ अधिक ५१२, म्हणजे ४६०८ बाइट्सच मुळात दाबायला उरतात. देवळाचं महाद्वार किंवा कमान अशी दोन्ही बाजूंनी सारखी रचना असेल तर अर्धीच बाजू ठेवा आणि दुसरी बिट उलटे करून काढा. २५६ बाइट्सचा एक तक्ता त्यासाठी पुरतो, आणि तो चालू प्रोग्रॅमच तयार करू शकतो.

नकाशे, तटबंदी, गुहा अशा चित्रांत त्याच त्या चौकटी पुन्हा येतात. तिथे वेगवेगळ्या चौकटी एकदाच साठवा आणि कुठे कुठली चौकट याचा ७६८ बाइट्सचा तक्ता ठेवा. शंभर वेगळ्या चौकटींचं चित्र ८०० अधिक ७६८ अधिक रंगांचे ७६८, म्हणजे २३३६ बाइट्समध्ये येतं, तेही काहीही न दाबता. दुसऱ्या चित्रात त्याच चौकटी वापरल्या तर त्यांचे ८०० बाइट्स पुन्हा मोजावे लागत नाहीत. खेळ करणाऱ्यांसाठी हीच पद्धत सर्वांत भरवशाची.

ठिपके अजिबातच न साठवण्याची वाटही आहे. केन आणि रोबर्टा विल्यम्स यांनी १९८० साली ॲपल टू साठी ‘मिस्टरी हाउस’ काढला. एका फ्लॉपीवर सत्तरच्या आसपास चित्रं त्यांना बसवता आली, कारण साठवल्या होत्या फक्त रेघा ओढण्याच्या आज्ञा. स्पेक्ट्रमवरच्या ‘द हॉबिट’मधली चित्रंही तुमच्या डोळ्यांसमोर रेघ ओढत आणि रंग भरत तयार होतात. एक रेघ काही मोजक्या बाइट्सची, एक भराव त्याहून लहान. मुलांसाठी सचित्र गोष्ट करणाऱ्यांनी याचा जरूर विचार करावा: चित्र हळूहळू उमटताना पाहणं मुलांना आवडतं, आणि जागा सर्वांत कमी लागते. फोटोसारखं काही हवं असेल तर मात्र ही वाट तुमची नाही.

आता खऱ्या दाबयंत्रांकडे वळू. रन-लेंग्थला फक्त सलग येणारी पुनरावृत्ती दिसते. लेम्पेल आणि झिव्ह यांच्या १९७७ च्या पद्धतीला आधी कुठेही आलेला तुकडा सापडतो: इतके बाइट्स मागे जा आणि तिथून इतके बाइट्स उतरव, एवढंच ती लिहिते. काही वाचक विचारतील की मग जिफ का नको, तीही ऐंशीच्या दशकातली. जिफ कॉम्प्युसर्व्हने १९८७ मध्ये आणली आणि ती एलझेडडब्ल्यू पद्धत वापरते. तिला उलगडताना ४०९६ नोंदींचा कोश मेमरीत बाळगावा लागतो. प्रत्येक नोंद तीन बाइट्सची धरली तरी १२ के गेले, म्हणजे जवळजवळ दोन चित्रांची जागा. १९७७ च्या पद्धतीला कोश लागतच नाही, कारण आतापर्यंत उलगडलेलं चित्र हाच तिचा कोश. लहान मशीनवर तिचं कुळ टिकून राहिलं ते यामुळे.

आज या कुळातला आयनार साउकास यांचा झेडएक्स० वापरा. दाबण्याचं जड काम तुमच्या आजच्या संगणकावर होतं, आणि स्पेक्ट्रमवर उलगडणारा झेड८० कोड फक्त ६८ बाइट्सचा आहे. वर सांगितलेली सफाई, उभं वाचन, एक्सॉर हे सगळं झेडएक्स० लावण्याआधीही उपयोगाचं आहे. सफाई केलेलं चित्र कुठल्याही पद्धतीने जास्त दाबलं जातं. झेडएक्स० आहे म्हणून सफाई नको, असं मानू नका.

उलगडणारा कोड ३२७६८ च्या वर ठेवा. त्याखालच्या १६ के मेमरीत पडदा रंगवणारी चिप प्रोसेसरला थांबवत असते, आणि तिथला कोड रेंगाळतो. बेसिकमध्ये पीक आणि पोकने उलगडायला जाऊ नका, एकेका चित्राला मिनिटं लागतील. तो कोड रँडमाइझ यूएसआरने बोलवा. चित्र तुकड्यातुकड्याने उमटताना दिसू नये असं वाटत असेल तर आधी सगळ्या चौकटींचे रंग शून्य, म्हणजे काळ्यावर काळे करा, ठिपके उलगडा आणि रंग शेवटी. चित्र एकदम प्रकट होतं.

खरी कॅसेट वापरणाऱ्यांना चित्र दाबण्याचा दुसराही फायदा आहे. स्पेक्ट्रम कॅसेटवरून सेकंदाला सरासरी १५०० बिट वाचतो, म्हणजे न दाबलेल्या एका चित्राला सुमारे ३७ सेकंद. ३००० बाइट्सवर आणलेलं चित्र १६ सेकंदांत चढतं.

दाबून झाल्यावर उलगडलेली प्रत मूळ चित्राशी बाइट न् बाइट जुळते का, हे प्रत्येक वेळी तपासा. सफाई केलेली असेल तर सफाईनंतरच्या प्रतीशी जुळवा. नुसत्या नजरेवर विसंबू नका, कारण एका बिटची चूक पडद्यावर दिसेलच असं नाही आणि पुढच्या चित्रात मात्र गोंधळ उडवेल. आणि मूळ ६९१२ बाइट्सची फाइल कधीही टाकून देऊ नका. उद्या आणखी चांगली पद्धत मिळाली तर तुम्हाला तिथूनच सुरुवात करावी लागेल.

तुमच्या घरी त्या काळातल्या कॅसेट असतील, त्यांवर तुम्ही किंवा तुमच्या शाळेतल्या मुलांनी काढलेली चित्रं असतील, तर त्यांचंही हेच. चांगल्या टेपरेकॉर्डरवरून त्या आजच्या संगणकात उतरवून घ्या, डब्ल्यूएव्ही फाइलमध्ये, एमपी३ मध्ये नाही. एमपी३ आवाजातला काही भाग कायमचा काढून टाकते आणि त्यात बिट हरवू शकतात. टेप दरवर्षी थोडी थोडी खराब होत असते, म्हणून हे काम या महिन्यातच उरका.